किल्ली कुलपात घातली की लघवी का लागते? ‘ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर’मध्ये मूत्राशयाइतकाच मूत्रमार्गही जबाबदार?

दिवसभर ऑफिसात काही त्रास नसतो. लोकलमध्ये तासभर उभं राहूनही काही वाटत नाही. पण सोसायटीची लिफ्ट वर जायला लागली की ओटीपोटात चुळबुळ सुरू होते, आणि दाराशी येऊन किल्ली कुलपात घातली की एक सेकंदही धीर धरवत नाही. पर्स फेकायची, चपला कुठेही काढायच्या आणि थेट बाथरूम गाठायचं. कधीकधी तेवढाही वेळ मिळत नाही.

हा अनुभव ओळखीचा वाटत असेल तर तुम्ही एकटे नाही. डॉक्टरांच्या भाषेत याला ‘लॅचकी’ म्हणजे किल्ली-कुलपाची घाई असंच नाव आहे. वाहत्या नळाचा आवाज आला, भांडी घासायला घेतली, थंडगार पाण्यात हात घातला की लघवी लागणं, हे याच जातीतलं. अशी घाई वारंवार व्हायला लागली की तिला ‘ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर’ म्हणजे अतिसक्रिय मूत्राशय म्हटलं जातं.

पण खरा दोषी मूत्राशयच आहे का? लघवी जिथून बाहेर पडते त्या मूत्रमार्गाचा यात मोठा वाटा असू शकतो, असं काही संशोधक गेली अनेक दशकं सांगत आहेत. हा वाद फक्त तज्ज्ञांपुरता नाही. गोळी कोणती द्यायची, व्यायाम कोणता सांगायचा, ऑपरेशन करायचं की नाही, हे सगळं त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

नाव अवयवाचं, व्याख्या मात्र लक्षणाची

‘इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी’ ही या विषयातली जागतिक संस्था. तिने २००२ मध्ये जी व्याख्या केली ती साधारण अशी: अचानक आणि टाळता न येणारी लघवीची घाई. तिच्यासोबत लघवी गळेल किंवा गळणार नाही. बहुतेकदा दिवसा वारंवार जावं लागतं आणि रात्रीही उठावं लागतं. जंतुसंसर्ग किंवा दुसरं उघड कारण मात्र सापडता कामा नये.

या व्याख्येत मूत्राशय नेमकं काय चुकीचं करतं, याबद्दल काहीच नाही. नावात ‘ब्लॅडर’ आहे म्हणून आपण मूत्राशयाकडे बोट दाखवतो, एवढंच.

प्रत्यक्ष तपासलं तर काय दिसतं? मूत्राशयात बारीक नळी घालून, ते हळूहळू भरून, आतला दाब मोजण्याची एक चाचणी असते. तिला युरोडायनॅमिक चाचणी म्हणतात. चाचणीत मूत्राशयाचा स्नायू मनाविरुद्ध आकुंचन पावला तर तो खरोखर ‘अतिसक्रिय’ आहे असं म्हणता येतं. ब्रिस्टलमधल्या हाशिम आणि अब्राम्स यांनी २००६ मध्ये अशा चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध केले. घाई होते पण लघवी गळत नाही, अशा पुरुषांपैकी ६९ टक्के आणि महिलांपैकी फक्त ४४ टक्के जणांमध्ये असं आकुंचन दिसलं. लघवी गळणाऱ्यांमध्ये हे प्रमाण पुरुषांत ९० टक्के होतं, तर महिलांत ५८ टक्के.

म्हणजे घाईने हैराण झालेल्या अनेक महिलांचं मूत्राशय चाचणीत शांत होतं. चाचणी काही मिनिटांची असते, तेवढ्यात आकुंचन निसटूही शकतं, हे खरं. तरीही पुरुष आणि महिलांमधला एवढा फरक फक्त त्यामुळे पडला असेल, असं म्हणणं जड जातं.

या ढिल्या व्याख्येवर टीकाही झाली आहे. ती रुग्णांच्या हितापेक्षा व्यापारी हिताची सेवा करते का, असा थेट सवाल टिक्किनेन आणि औविनेन या फिनलंडच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ‘युरोपियन युरॉलॉजी’ या नियतकालिकात विचारला होता. एकाच नावाखाली दहा वेगवेगळे त्रास आले की एकच गोळी सगळ्यांना देणं सोपं जातं. हा आरोप कडक आहे, पण पूर्ण निराधार म्हणता येत नाही.

टाकी आणि नळ

आधी शरीराची रचना बघू. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. मोठ्या माणसात तिच्यात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. दीडशे-दोनशे मिलिलिटर भरली की पहिली पुसटशी जाणीव होते, पण लगेच जावं लागत नाही. खाली मूत्रमार्ग असतो. महिलांमध्ये तो जेमतेम ३ ते ४ सेंटीमीटर, तर पुरुषांमध्ये १८ ते २० सेंटीमीटर लांबीचा असतो. त्याच्याभोवती झडपेसारखे काम करणारे स्नायू असतात. त्यातला आतला भाग आपल्या ताब्यात नसतो, बाहेरचा असतो.

शाळेत आपल्या डोक्यात टाकी आणि नळाचं चित्र बसतं. टाकी भरते, नळ उघडतो, पाणी जातं. सगळी हुशारी टाकीत आणि नळ मुका. प्रत्यक्षात हा नळ मुका नाही. मूत्रमार्गाच्या आतल्या अस्तरात आणि भिंतीत संवेदना नेणाऱ्या नसांचं दाट जाळं असतं. लघवीचा थेंब तिथे उतरला, प्रवाह सुरू झाला, भिंत ताणली गेली की मज्जारज्जूकडे संदेश जातो. हे संदेश मूत्राशयाला कधी ‘थांब’ म्हणतात, कधी ‘चालू दे’.

लघवी करताना घटनांचा क्रमही बघण्यासारखा आहे. आधी मूत्राशय आवळतं आणि त्या जोराने दार उघडतं, असं वाटतं ना? निरोगी माणसात आधी मूत्रमार्ग सैलावतो, त्यातला दाब पडतो, आणि काही क्षणांनी मूत्राशय आकुंचन पावतं. सुरुवात दारापासून होते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. आपण लघवी ‘दाबून धरतो’ तेव्हा मूत्रमार्गाभोवतीचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळतो. त्याने दार तर बंद राहतंच, शिवाय तिथून गेलेल्या संदेशांमुळे मूत्राशयाचा स्नायूही शांत होतो. सिग्नलला अडकल्यावर ‘आत्ता गेली, आत्ता गेली’ वाटतं आणि मिनिटभर घट्ट धरल्यावर घाई ओसरते, ती यामुळे.

मांजरं, उंदीर आणि एक उलटा प्रश्न

मूत्रमार्ग मूत्राशयाला हुकूम देतो ही कल्पना नवी नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये एफ. जे. एफ. बॅरिंग्टन या शल्यचिकित्सकाने मांजरांवर प्रयोग केले. मूत्रमार्गातून पाणी वाहतं ठेवलं की मूत्राशय आकुंचन पावतं, असं त्याला दिसलं. म्हणजे प्रवाह एकदा सुरू झाला की तोच प्रवाह ‘अजून रिकामं कर’ असा निरोप वर पाठवतो. मूत्राशय पूर्ण रिकामं होण्यासाठी ही सोय उत्तमच. मेंदूच्या तळाशी लघवीचं नियंत्रण करणारी जागाही त्यानेच १९२५ मध्ये दाखवली आणि तिला आजही ‘बॅरिंग्टनचं केंद्र’ म्हणतात.

पुढे १९८३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ युरॉलॉजी’त एक शोधनिबंध आला. मूत्राशयाच्या अस्थिरतेतला मूळ दोष मूत्रमार्गात तर नाही ना, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. मग १९९९ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या संशोधकांनी उंदरांवर केलेला प्रयोग ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’त छापून आला. मूत्रमार्गातून पाणी सोडलं की मूत्राशयाची आकुंचनं वाढत, थांबवलं की कमी होत. मूत्रमार्गात बधिर करणारं लिडोकेन सोडलं, तरीही ती कमी होत. मूत्राशयाला कुणी हातही लावला नव्हता. फक्त मूत्रमार्गाचं तोंड बंद केलं होतं.

यावरून त्यांनी एक शक्यता मांडली. काही महिलांमध्ये मूत्राशयाच्या तोंडाचा भाग सैल असतो. उभं राहिल्यावर, खोकल्यावर, वजन उचलल्यावर लघवीचे थेंब मूत्रमार्गाच्या वरच्या भागात उतरतात. ते बाहेर येतीलच असं नाही. पण तिथल्या नसांना वाटतं, प्रवाह सुरू झाला. निरोप वर जातो, मूत्राशय आवळायला लागतं, आणि बाईला अचानक घाई होते. ‘झोपून असते तोवर बरं असतं, पलंगावरून उठले की धावावं लागतं’ हे वाक्य अनेक डॉक्टरांनी ऐकलेलं असतं. या शक्यतेत ते नेमकं बसतं.

इथे थोडं थांबायला हवं. भूल दिलेल्या उंदरात जे दिसतं ते जागेपणी चालत्याफिरत्या माणसात तसंच्या तसं होईल, असं नाही. आणि मूत्राशयाची स्वतःची जाणीवही बिनमहत्त्वाची नाही. २०२० मध्ये ‘नेचर’मधल्या अभ्यासाने दाखवलं की ‘पिझो-२’ नावाचं प्रथिन मूत्राशयाचा ताण ओळखतं. ज्यांच्या शरीरात जन्मतः ते काम करत नाही त्यांना मूत्राशय भरल्याची नीट जाणीव होत नाही, त्यामुळे अनेकजण घड्याळ बघून लघवीला जातात. हे प्रथिन शोधणाऱ्या आर्डेम पातापुटियन यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. पार्किन्सन्स, पक्षाघात, मज्जारज्जूची इजा यांतली घाई तर मेंदू आणि मज्जारज्जूतून येते. किल्ली-कुलपाच्या घाईतही ‘घर आलं’ हा मेंदूने शिकलेला संकेत असतो असं मानलं जातं.

त्यामुळे ‘मूत्राशय निर्दोष, मूत्रमार्ग गुन्हेगार’ असा निकाल लावता येणार नाही. मूत्रमार्गातून सुरू होणारी घाई हा या मोठ्या गाठोड्यातला एक प्रकार आहे, एवढं म्हणायला मात्र पुरेसा आधार आहे.

शिंकलं की थेंब, आणि घाईही

महिलांमध्ये दोन तक्रारी अनेकदा जोडीने येतात. हसलं, शिंकलं, पायऱ्या उतरल्या की थेंब गळतात. आणि दुसरीकडे घाई होऊनही गळतं. पहिलीचं मूळ मूत्रमार्गाचा आधार सैल होण्यात असतं. बाळंतपण, वाढतं वय, जुनाट खोकला, जड ओझं ही नेहमीची कारणं. दुसरीचं मूळ मूत्राशयात, असं शिकवलं जातं. मग मूत्रमार्गाला आधार देणारं ऑपरेशन केलं तर फक्त पहिली तक्रार जायला हवी, दुसरी तशीच राहायला हवी.

तसं होत नाही. अमेरिकेत अशी मिश्र तक्रार असलेल्या ४८० महिलांवर झालेला ‘एस्टीम’ अभ्यास २०१९ मध्ये ‘जामा’त प्रसिद्ध झाला. एका गटाला मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवली, दुसऱ्या गटाला पट्टीसोबत व्यायाम आणि सवयी बदलण्याचं प्रशिक्षणही दिलं. दोन्ही गटांत लक्षणं बरीच सुधारली आणि त्यात घाईची लक्षणंही होती. दोन गटांतला फरक मात्र फार मोठा नव्हता. ज्या ऑपरेशनने मूत्राशयाला स्पर्शही केला नाही, त्याने घाई कमी व्हावी, हे मूत्रमार्गवाल्यांच्या बाजूचं माणसातलं बळकट उदाहरण म्हणावं लागेल.

मात्र याच ऑपरेशनची दुसरी बाजूही आहे. काही महिलांना आधी नसलेली घाई पट्टी बसवल्यावर सुरू होते. पट्टी जास्त घट्ट बसली की मूत्रमार्गात अडथळा येतो आणि मूत्राशय त्याविरुद्ध झगडायला लागतं. जाळीमुळे झालेल्या गुंतागुंतींच्या तक्रारी वाढल्यावर ब्रिटनने जुलै २०१८ मध्ये या पट्ट्यांचा वापर बहुतांश थांबवला होता. म्हणून निव्वळ घाईसाठी कुणी असं ऑपरेशन सुचवत असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेतलेलं बरं.

बाबांना रात्री चार वेळा उठावं लागतं

पुरुषांमध्ये गोष्ट उलटी, पण दोषी तोच. साठीच्या पुढे प्रोस्टेट वाढते आणि तिच्यामधून जाणारा मूत्रमार्ग आवळला जातो. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, झाल्यावरही थेंब राहिल्यासारखं वाटतं. मूत्राशयाला प्रत्येक वेळी जास्त जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षं असं झालं की त्याचा स्नायू जाड होतो, चिडका होतो आणि थोडं भरलं तरी आवळायला लागतो. मग घाई, मग रात्रीच्या फेऱ्या. अडथळा दूर केल्यावर यातल्या बऱ्याच जणांची घाईही कमी होते, सगळ्यांची नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने ‘व्हिबेग्रॉन’ या गोळीला एक नवी मान्यता दिली. प्रोस्टेटचं औषध चालू असूनही घाई जात नाही, अशा पुरुषांसाठी ती वापरता येईल. यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी दाराचं औषध, ते पुरेसं पडलं नाही तर त्याच्या जोडीला टाकीचं. आपल्याकडे मात्र घरात अनेकदा ‘वय झालं’ म्हणून विषय संपतो, आणि रात्री अंधारात बाथरूमकडे जाताना पडून खुबा मोडला की मग सगळे जागे होतात.

चाळिशी-पन्नाशीनंतर मूत्रमार्गाचं काय होतं?

मूत्रमार्गाचं अस्तर इस्ट्रोजेन या हार्मोनवर जगतं. पाळी गेली की हे हार्मोन घटतं, अस्तर पातळ आणि कोरडं होतं, दार नीट मिटत नाही, आणि नसा जास्त संवेदनशील होतात. आग होते, सारखं जावंसं वाटतं. ‘उन्हाळी लागली’ म्हणून धण्याचं पाणी, सब्जा, मग मेडिकलमधून अँटिबायोटिक. लघवीच्या तपासणीत जंतू नसतातच. पुन्हा महिन्याने तेच.

या त्रासाला २०१४ मध्ये एक वेगळं वैद्यकीय नाव मिळालं. त्याआधी फक्त योनीच्या कोरडेपणाबद्दल बोललं जायचं, लघवीच्या तक्रारी बाजूलाच राहायच्या. त्यावर योनीमार्गात लावायचं अगदी कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम मिळतं आणि अनेकींची घाई त्याने कमी होते. पण ‘हार्मोन’ म्हटलं की बायका घाबरतात. वेष्टनावरचा ठळक धोक्याचा इशारा हे त्याचं एक कारण होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने रजोनिवृत्तीच्या हार्मोन औषधांवरचे हृदयविकार, स्तनांचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचे ठळक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला. गोळीतून घेतलेलं हार्मोन आणि जागेवर लावलेलं क्रीम यांना एकाच मापाने मोजणं चुकीचं आहे, असं अनेक तज्ज्ञ आधीपासून म्हणत होते. तरीही स्तनांचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

महाराष्ट्रात या मुद्द्याला एक दुखरा पदर आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ मध्ये केली, तेव्हा पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून जास्त महिलांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. अनेकींचं वय चाळिशीच्या आतलं. गर्भाशयासोबत अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या स्वीडनच्या अभ्यासात, गर्भाशय काढलेल्या महिलांना पुढे लघवी गळण्यावरचं ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसलं होतं. पहाटेपासून उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहणाऱ्या बाईच्या मूत्रमार्गाच्या आधाराचं काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको. त्या फडात शौचालयही नसतं.

गोळी घ्यायची की नाही?

ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडरवरच्या जुन्या गोळ्या (ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनासिन वगैरे) मूत्राशयाच्या स्नायूला आवळण्याचा संदेशच पोचू देत नाहीत. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता हे त्यांचे नेहमीचे दुष्परिणाम. पण मोठी काळजी वेगळी आहे. या पद्धतीने काम करणारी औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्या ज्येष्ठांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त दिसतं, असं २०१५ पासून अनेक मोठ्या अभ्यासांत आलं आहे. औषधामुळेच स्मृतिभ्रंश होतो, हे यातून सिद्ध होत नाही. तरी आजी-आजोबांची चिठ्ठी नूतनीकरण करत राहण्याआधी विचारायला हवं, एवढं नक्की. मिराबेग्रॉन आणि व्हिबेग्रॉन ही वेगळ्या पद्धतीने काम करणारी औषधं आहेत.

अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन बदल दिसतात. एक, या स्मृतिभ्रंशाच्या शक्यतेबद्दल रुग्णाशी बोला. दुसरं, ‘आधी व्यायाम, मग गोळी, मग बोटॉक्स किंवा नसांचं उत्तेजन’ ही ठरलेली शिडी आता सक्तीची नाही. रुग्णाला पर्याय समजावून सांगा आणि मिळून ठरवा. कागदावर हे छान आहे. पण आपल्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एका रुग्णाला मिळणाऱ्या वेळात मिळून काय ठरवणार, हा प्रश्न आहेच.

अर्धवट बसण्याची किंमत

मूत्रमार्गाला सैलावायला निवांतपणा लागतो. सार्वजनिक शौचालयात तो कुठून आणायचा?

कमोडची सीट घाण असते म्हणून बायका तिला न टेकता, गुडघे अर्धवट वाकवून अधांतरी लघवी करतात. १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या स्त्रीरोग विभागात आलेल्या महिलांचा अभ्यास झाला, तेव्हा ८५ टक्के महिला सार्वजनिक शौचालयात असंच करत होत्या. या स्थितीत मांड्या आणि ओटीपोटाचे तळाचे स्नायू ताणलेले राहतात, दार अर्धवटच उघडतं. अभ्यासात लघवीच्या प्रवाहाचा सरासरी वेग २१ टक्क्यांनी घटला आणि आत उरलेली लघवी १४९ टक्क्यांनी वाढली. (भारतीय शौचालयात पूर्ण उकिडवं बसणं यात मोडत नाही. अडचण अधांतरी लटकण्याची आहे.) उरलेली लघवी म्हणजे थोड्याच वेळात पुन्हा घाई, आणि संसर्गालाही आमंत्रण.

दुसरी सवय, ‘पुढे मिळेल न मिळेल, आत्ताच जाऊन येऊ’. एसटीत बसण्याआधी, मीटिंगआधी, लग्नाच्या हॉलवर जाण्याआधी. अधूनमधून ठीक आहे. रोज असं केलं की मूत्राशयाला कमी भरल्यावरच रिकामं होण्याची सवय लागते. तिसरी सवय, पाणीच न पिणं. त्याने लघवी गडद आणि तीव्र होते, आग आणि घाई उलट वाढू शकते.

मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ची मोहीम सुरू झाली ती याच अनुभवातून. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा तिचा सुरुवातीचा मुद्दा होता. १५ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांतल्या शौचालयांबद्दलच्या याचिकेवर निकाल देताना स्वच्छ शौचालय मिळणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. महिला, पुरुष, दिव्यांग आणि तृतीयपंथीय अशा सगळ्यांसाठी न्यायालयांत वेगळी सोय करण्याचे आदेश दिले. न्यायालयांतल्या शौचालयांसाठीही सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, तर हायवेवरच्या ट्रॅफिक पोलीस महिलेचं किंवा बाजारात भाजी विकणाऱ्या मावशींचं काय, हे ज्याचं त्याने ताडावं.

रीलमधले व्यायाम करायचे का?

इन्स्टाग्रामवर ‘दिवसातून १०० किगल’ सांगणारे बरेच आहेत. व्यायाम उपयोगी आहे यात शंका नाही. १९९८ मध्ये ‘जामा’त छापलेल्या अभ्यासात ५५ ते ९२ वयाच्या १९७ महिलांचे तीन गट केले होते. स्नायूंचं प्रशिक्षण मिळालेल्या गटात लघवी गळण्याचे प्रसंग ८०.७ टक्क्यांनी कमी झाले, गोळी घेणाऱ्यांत ६८.५ टक्क्यांनी आणि नकली गोळी घेणाऱ्यांत ३९.४ टक्क्यांनी. त्यात मुख्य शिकवण होती ती घाई झाली की न धावण्याची. जागीच थांबायचं, मूत्रमार्गाभोवतीचे स्नायू काही वेळा झटपट आवळायचे-सोडायचे, लाट ओसरली की सावकाश जायचं. मूत्रमार्गाकडून मूत्राशयाला ‘थांब’ असा निरोप पाठवण्याचीच ही युक्ती.

पण हे सगळ्यांना चालत नाही. काहींचे तळाचे स्नायू मुळातच आखडलेले असतात. त्यांना लघवी सुरू करायला वेळ लागतो, तुटक होते, संबंधाच्या वेळी दुखतं. त्यांनी किगल केले तर त्रास वाढू शकतो, त्यांना स्नायू सैल सोडायला शिकावं लागतं. आणि लघवी करता करता मध्येच थांबवायचा ‘सराव’ रीलमध्ये कुणी सांगत असेल तर तो कुणीच रोज करू नये. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

डॉक्टरकडे जाण्याआधी तीन दिवसांची नोंद ठेवता आली तर फार उपयोग होतो. किती वाजता गेलात, मापाच्या भांड्यात मोजून किती झाली, घाई होती का, गळली का, आणि चहा किती कप झाला. रक्तातली साखरही तपासून घ्यावी. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि सारखी लघवी लागणं हे त्याचंही लक्षण आहे. लघवीत रक्त दिसलं, ताप आला, लघवी तुंबली किंवा पायांत अचानक कमजोरी आली तर नोंदी ठेवत बसू नये, त्याच दिवशी दाखवावं.

आणि एक गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी आपणहून सांगावी: घाई नेमकी कधी होते? बसल्या-झोपल्याही होते, की उभं राहिल्यावर? शिंकेनंतर? धार कशी आहे? झाल्यावर रिकामं वाटतं की राहिल्यासारखं? या उत्तरांवरून, एकही चाचणी करण्याआधी, डॉक्टरांना टाकीकडे बघायचं की नळाकडे याचा अंदाज येऊ लागतो.